दगडाला झिलई देणारी भुकटी

नदीच्या पात्रांतील गोटा हाताला गुळगुळीत लागतो. ओला असतांना तो चकाकतोहि. परंतु घरीं आणून वाळला कीं त्याचें तेज जातें. असें कां व्हावें? गोट्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो, म्हणून दगड निस्तेज दिसतो. पाणी ते ओरखडे भरून काढतें, तेव्हां क्षणभर झिलईचा भास होतो. खरी झिलई देणें म्हणजे हे ओरखडे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि बारीक करणें होय.

हें काम फिरत्या पिंपांत करतात. पिंपाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग दगडांनीं भरून त्यांत पाणी व कार्बोरंडमची भुकटी घालावी आणि तें रात्रंदिवस सावकाश फिरवावें. हा कृत्रिम पदार्थ अमेरिकेंत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनीं १८९१ सालीं तयार केला. तो कुरुंदाहूनहि कठीण आहे. प्रथम भरड, मग मध्यम, मग बारीक, असा क्रम असून प्रत्येक भुकटीस आठवडाभर लागतो. शेवटीं झिलईची भुकटी घालावयाची. पुष्कळ विद्यार्थी या शेवटच्या भुकटीवरच सारी भिस्त ठेवतात, आणि दगड चकाकला नाहीं कीं तिलाच दोष देतात. आमच्या मतें दोष बहुधा आधींच्या पायरीचा असतो. भरड भुकटीचा एखादा कण भेगेंत अडकून राहिला, तर तो पुढें सर्व दगडांवर रेघोट्या ओढीत राहतो. म्हणून प्रत्येक वेळीं दगड व पिंप ब्रशानें स्वच्छ धुवावें. झिलईकरितां निराळें पिंप असेल तर फारच उत्तम.

आतां भुकटी कोणती घ्यावी? हें दगड ठरवितो. मोस यांच्या दहा अंकांच्या काठिण्यश्रेणींत गारगोटी व अकीक यांचा अंक ७, तर कॅल्साइटचा ३ आहे. अकीक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत विपुल सांपडतो. त्याला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी चांगली मानवते. ही रासायनिक दृष्ट्या कुरुंदच होय. ती स्वस्त व पांढरी असल्यामुळें नवशिक्यानें तिनेंच आरंभ करावा. सेरियम ऑक्साइड महाग पडतें, परंतु गारगोटी व कांच यांवर त्याचें काम पाहण्यासारखें असतें. मौजेची गोष्ट अशी कीं, तें गारगोटीहून मऊ आहे! मग मऊ पदार्थ कठीणास कसा झिजवितो? येथें नुसतें घर्षण नसून पाण्याच्या साहाय्यानें रासायनिक क्रियाहि घडते, आणि पृष्ठभागाचा अत्यंत पातळ थर निघून जातो. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा रंग मात्र भेगांत बसतो. भेगाळ दगडास तें वापरूं नये. कॅल्साइट तर अकीकाबरोबर एका पिंपांत घालूंच नये, तें झिजून त्याचें दूध होईल. त्याच पोकळ्यांत सांपडणारें ठिसूळ स्टिल्बाइट जसें मिळालें तसेंच कपाटांत शोभतें.

दोन भुकट्यांपैकीं निवड करावयाची असेल, तर ओल्या चामड्यावर एक एक भुकटी घेऊन एकाच दगडाच्या दोन बाजू कांहीं मिनिटें घांसाव्या व पुसून कोरड्या झाल्यावर पाहाव्या. ओल्या दगडाची चकाकी फसवी असते, हें वर आलेंच आहे.

एक गोष्ट पालकांस सांगावीशी वाटते. गुजरातेंत खंबायत येथें अकीकाचे मणी करण्याचा धंदा फार पुरातन आहे. पूर्वीं मणी व भुकटी चामड्याच्या पिशवींत भरून दोन माणसें ती पुढें-मागें ओढीत. परंतु तेथें चाकावर दगड कोरडे घांसणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत त्याची धूळ जाऊन सिलिकोसिस नांवाचा रोग जडतो, आणि झालेली हानि कोणत्याहि औषधानें भरून येत नाहीं. बंद पिंपांतील काम ओलें असल्यामुळें ही धूळ उडत नाहीं. मुलांस कोरडा दगड घरांत घांसूं देऊं नये, व सांडलेली भुकटी झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी. पिंपांतील गढूळ पाणीहि मोरींत ओतूं नये. त्याचा गाळ नळांत बसून घट्ट होतो. परसांत खड्डा करून त्यांत तें ओतावें व वर माती लोटावी.