वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ची नोट आणि ‘नोंदणी फी’

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट किंवा शेवटी ७८६ असलेली नोट. फोटो पाठवा, लाखो रुपये घ्या, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. उत्तर देण्याआधी लक्षात ठेवा: विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात. एक रुपयाही नाही.

सुरुवात छोट्या ‘नोंदणी फी’ने होते. मग जीएसटी, मग टीडीएस, मग ‘रिझर्व्ह बँकेची एनओसी’, शेवटी कुरियरचा विमा. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांचा असा व्यवहार करत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते मागण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तिने हे जाहीरपणे सांगितलं. त्यामुळे लेटरहेड, शिक्का, ओळखपत्र काहीही आलं तरी खोटं समजा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. रक्कम गेलीच असेल तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. व्यवहार क्रमांक, चॅट, स्क्रीनशॉट जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका.

आता खरा भाव. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ सालचं, भरपूर निघालेलं आणि आजही चलनात असलेलं. त्याचे लाख कोणी देत नाही. चांदीच्या रुपयाचा हिशेब मात्र घरीच होतो. राणी व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या चांदीच्या दराने गुणा; त्याखाली विकू नका. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५.८ ग्रॅमच्या आसपास. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीपलीकडची किंमत साल, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती यांवर ठरते. म्हणून चिंच, पितांबरी, राख काही लावू नका. घासून चमकवलेल्या नाण्याचा भाव पडतो, आणि ती चूक परत दुरुस्त होत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि रामदरबार किंवा हनुमान असलेले ‘दोन आणे’ कंपनीने कधी पाडलेच नाहीत. ती हौशी टोकनं आहेत. तांदूळ खेचणारं तांब्याचं नाणं, म्हणजे ‘राईस पुलर’, ही तर उघड फसवणूक.

घेणाऱ्यांना त्रास देणारे वेगळे. सरकारी टांकसाळी चालवणारी एसपीएमसीआयएल आपल्या संकेतस्थळावर स्मारक नाणी विकते. साठेबाज ही नाणी वेगवेगळ्या नावांनी बुक करतात आणि ‘संपली, शेवटचे दोन संच’ म्हणत चढ्या भावाने काढतात. शाळकरी संग्राहकाला मूळ किमतीत नाणं मिळत नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. घाई करू नका. हौस ओसरली की यातली बरीच नाणी खाली येतात. विक्रेत्याने सांगितलेला भाव धरू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव बघा. लिलावात बोली लावताना बोलीवर कमिशन, त्या कमिशनवर जीएसटी आणि टपालखर्च चढतो. नियम आधी वाचा आणि बेरीज करूनच आकडा बोला. पावतीवर नाण्याचं वर्णन, वजन, खरेपणाची हमी आणि परतीची मुदत लिहून घ्या. आधारची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख आडवी लिहा.

नोटबंदीतल्या जुन्या ५०० आणि १०००च्या दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. संग्रह किंवा अभ्यासासाठी २५ पर्यंत चालतात. दंड किमान दहा हजार, किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, यांपैकी जो जास्त असेल तो. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात हंडा निघाला तर सराफाकडे नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. अमेरिकेतल्या भाच्याला शिवराई भेट पाठवायचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला बंदी आहे. सामानात सापडलं तर ते जप्त होतं आणि खटलाही चालू शकतो.