आधी थर्मामीटर, मग पाणी

सुरतच्या डिंडोलीत एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. तेच पाणी आरओतून गाळलं तरी थंड होत नाही, हे मात्र खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. मी आसपासच्या सोसायट्यांमधले टँक सांभाळतो. पाणी बदलल्यावर मासे दगावले की बहुतेक लोक सॉल्टला दोष देतात. मी आधी तापमान विचारतो.

एका मे महिन्यात भरदुपारी फोन आला, "भाऊ, लवकर या, निमो वर येऊन नुसता तोंड उघडझाप करतोय." गेलो तर टँक तीसच्या वर. सकाळी तो २७ अंशांवर होता. घरच्यांनी चाळीस टक्के पाणी बदललं होतं आणि नवं पाणी गॅलरीत, पत्र्याखालच्या ड्रममध्ये कालवलं होतं. ड्रममध्ये उरलेलं पाणी मोजलं, ३५ अंश. हिशेब सरळ आहे: साठ टक्के २७ चं आणि चाळीस टक्के ३५ चं पाणी मिसळलं की ३०.२ होतं. खारटपणा अगदी बरोबर होता, मीठही चांगलं होतं. निमो वाचला, पण त्याच टँकमधला निळा डॅमसेल मासा संध्याकाळपर्यंत गेला.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. मासा दोन्हीकडून कोंडीत सापडतो. शिवाय समुद्राचं पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. अर्ध्या तासात तीन अंशांचा फरक या माशांच्या अंगवळणी पडलेलाच नसतो.

थंडीत उलटं होतं. जानेवारीच्या पहाटे नवं पाणी १९ अंशांवर असलं आणि २६ च्या टँकमध्ये तीस टक्के ओतलं, तर टँक २४ च्या खाली येतो. अशा झटक्यानंतर अनेकदा काही दिवसांत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

म्हणून नवं पाणी आदल्या संध्याकाळीच टँकच्याच खोलीत ठेवा. गच्ची नको, गॅलरी नको. ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू करा, मग मीठ टाका आणि रात्रभर फिरू द्या. थंडीत त्यात हीटर सोडा, पण बेताने; पाणी जास्त तापलं तर मिठातला चुना खाली बसतो आणि पाणी दुधाळ दिसतं. उन्हाळ्यात बर्फ थेट टाकू नका. बर्फ वितळून खारटपणा उतरतो, आणि तो नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही येतं. घट्ट झाकणाच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या ड्रममध्ये तरंगत ठेवा. खारटपणा तापमान जुळल्यावरच मोजा, कारण हायड्रोमीटरचं वाचन तापमानासोबत सरकतं.

हातावर भरवसा ठेवू नका. नुकतीच थंड पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताला कोमट पाणीही गरम लागतं. थर्मामीटर एकच वापरा: आधी टँकमध्ये, मग ड्रममध्ये. दोन वेगळ्या थर्मामीटरांत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो, आणि इथे खेळ एका अंशाचाच आहे. फरक त्याहून जास्त असेल तर पाणी ओतूच नका, उद्या बदला. एका दिवसाच्या उशिराने काही बिघडत नाही. एका वेळी दहा-पंधरा टक्के पाणी बदललं तरी पुरे.

पाणी काढण्याआधी टँकचा हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. तापलेली काच उघडी पडली आणि त्यावर पाणी आलं की ती तडकते, आणि मग पाण्यात वीज उतरण्याचा धोका. इथे जिवाची भीती माणसालाही आहे.

आणि डुमसच्या किनाऱ्यावरून कॅन भरून समुद्राचं पाणी आणू नका. तापीच्या मुखाजवळचं ते पाणी गढूळ असतं, नदीचं गोडं पाणी त्यात मिसळलेलं असतं, आणि जवळच हजिऱ्याचे कारखाने आहेत.

एवढं करूनही टँक तापलाच, तर घाईने थंड पाणी ओतू नका; तो दुसरा झटका ठरतो. झाकण काढा, पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, एअर पंप चालू ठेवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश हळूहळू उतरतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा खोली थंड ठेवणं भाग पडतं. पंख्याने पाण्याची पातळी उतरली की भर मात्र साध्या आरओ पाण्याची घाला, खाऱ्या पाण्याची नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं.