शिट्टी मुलांच्या हातात

शाळेत फुटबॉलचा तास बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेने जातो. वर्गात चाळीसेक मुलं, चेंडू एक नाहीतर दोन, आणि तास अर्ध्या-पाऊण तासाचा. चार-पाच धीट मुलगे चेंडू ताब्यात ठेवतात, उरलेले त्यांच्यामागे नुसते पळतात आणि मुली लिंबाच्या सावलीत बसतात. शेवगाव तालुक्यात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर गर्दी करणारी माणसं आहेत. तिथलं पोर फुटबॉल बघतच मोठं होतं. आमच्याकडे कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांमध्ये फुटबॉलचा दिवस साजरा झाला आणि शाळांना चेंडू मिळाले. चेंडू आले, पण चाळीस मुलांना ते पुरवायचे कसे, हा प्रश्न तसाच राहिला.

मला पटलेलं उत्तर अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक डॅरिल सिडेंटॉप यांनी १९८०च्या दशकात मांडलं. आज फुटबॉल, उद्या खो-खो असे तुटक तास घ्यायचे नाहीत. एका खेळाचा पूर्ण हंगाम घ्यायचा आणि हंगामभर संघ तेच ठेवायचे. पंच, प्रशिक्षक, गुणलेखक, साहित्यप्रमुख ही कामंही मुलांनीच करायची. ही पद्धत इथल्या काळ्या मातीत राबवताना जे कळलं, ते लिहितो.

१. संघ पाडताना कुणाचीही लाज काढू नये

दोन कप्तान समोरासमोर उभे करायचे आणि एकेक गडी मागायला लावायचा, ही आपली जुनी रीत. तीत शेवटी उरलेलं मूल सगळ्यांदेखत नको असलेलं ठरतं. मी कप्तानांना घेऊन मधल्या सुट्टीत बसतो. यादी समोर ठेवून आम्ही आठ-आठ जणांचे, मुलगे-मुली मिळून, बरोबरीचे संघ करतो. कुठला संघ कुणाचा हे चिठ्ठ्या टाकून मगच ठरतं, त्यामुळे एकही संघ कच्चा राहू नये याची काळजी कप्तानच घेतात. नावं मुलं ठेवतात: गोदावरी, नाथसागर, ढोरा. एकदा नाव पडलं की संघ मोडायचा नाही. हरणारा संघ पुढच्या आठवड्यातही तोच राहिला, तरच हरण्यावर उपाय शोधायची गरज मुलांना वाटते.

२. काम असं हवं की ते झालं नाही तर खेळ अडेल

शालेय मंत्रिमंडळात क्रीडामंत्री असतो, पण पुष्कळदा तो फलकावरच असतो. संघातलं काम तसं असून चालत नाही. साहित्यप्रमुखाने चेंडूत हवा भरली नसेल तर त्या दिवशी त्याच्या संघाला चेंडू नाही, आणि मी पळत जाऊन पंप आणत नाही. पंपाची पिन ओली केल्याशिवाय खुपसली तर व्हॉल्व्ह फाटू शकतो, हे आमच्या साहित्यप्रमुखांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्यायचा आणि मोठ्यांना पाच नंबरचा, हेही तेच बघतात. पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. पाचवीतल्या पोराच्या अनवाणी पायाला तो जड जातो.

सगळ्यात मोलाचं काम मैदानप्रमुखाचं, आणि हे काम मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पावसाळ्यात आमच्या मैदानावर सराटा पसरतो. पिवळी फुलं दिसायला गोजिरी, पण पाऊस सरता सरता त्याचे काटे वाळून टणक होतात आणि चेंडूत, चपलेत, टाचेत घुसतात. फुलावर असतानाच वेल मुळासकट उपटला तरच मैदान वाचतं. मैदानप्रमुख आपल्या वाट्याचा भाग आठवड्यातून एकदा फिरून बघतो आणि संघाला घेऊन सराटे उपटून काढतो. फक्कीने रेघा मारणं, गोलासाठी बांबू रोवणं हीही त्याचीच कामं. पाऊस झाला की काळी माती बुटाला धरते आणि मैदान दोन-तीन दिवस खेळण्याजोगं राहत नाही. खेळायचं की नाही, हे तोच सकाळी माती हातात घेऊन सांगतो. शेतकऱ्याच्या पोराला माती कळते, आणि ते ज्ञान फुटबॉलच्या तासात कामी येतं याचं मला फार समाधान वाटतं.

कामं दर आठवड्याला फिरवावीत असं पुष्कळ शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. आठ दिवसांत मूल कामाचं फक्त नाव शिकतं. निदान अर्धा हंगाम तरी एक काम एकाकडे राहू द्यावं.

३. शिट्टी हातात आली की नियम डोक्यात बसतात

दोन संघ खेळतात तेव्हा तिसरा संघ पंचगिरी करतो: एक मुख्य पंच, दोन रेषेवरचे, एक वेळ बघणारा, एक गुणलेखक. फुटबॉलचे नियम सतरा. ऑफसाइड मी सुरुवातीला बाजूलाच ठेवतो. हाताला चेंडू लागणं, धक्का देणं आणि थ्रो-इन एवढ्यावर महिनाभर खेळ चालतो. थ्रो-इन करताना दोन्ही पाय जमिनीवर हवेत आणि चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून यायला हवा, हे मी फळ्यावर कितीदा तरी सांगितलं असेल. पण ज्या मुलाला ते बघून शिट्टी वाजवायची असते, तो पुन्हा कधी विसरत नाही.

सातवीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, पंच होती. तिच्या सख्ख्या चुलत भावाच्या हाताला चेंडू लागला. तिने शिट्टी वाजवली. तो तावातावाने आला, पाठोपाठ त्याचा संघही. आमच्याकडे नियम असा की पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचं, बाकीच्यांनी मागे थांबायचं. तिने हात पुढे करून एवढंच विचारलं, ‘‘तू कप्तान आहेस का?’’ तो मागे फिरला. २०२४च्या युरो स्पर्धेत युरोपातल्या नामांकित खेळाडूंनाही हीच शिस्त लावली होती, हे मी नंतर मुलांना सांगितलं तेव्हा त्या मुलीची मान ताठ झाली.

मुलांना आवडणारी आणखी एक गोष्ट कार्डांची. पिवळं आणि लाल कार्ड विश्वचषकात पहिल्यांदा आलं १९७० साली, मेक्सिकोत. ती कल्पना केन ॲस्टन या इंग्लिश पंचांची. रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे बघून त्यांना ती सुचली, आणि ते व्यवसायाने शाळामास्तर होते. आमचे पंच वहीचे पुठ्ठे रंगवून कार्ड करतात.

नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ साली सुरू केलेल्या स्लम सॉकरमध्ये ‘फुटबॉल थ्री’ नावाचा प्रकार खेळवतात. त्यात पंचच नसतो. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात आणि नंतर पुन्हा बसून कोण कसं वागलं यावर गुण देतात. हंगामात एक-दोन सामने मी तसे घेतो. भांडणाऱ्या मुलांसाठी ती शेवटची बैठक माझ्या शंभर सूचनांपेक्षा उपयोगी पडते.

४. गोल मोजणाऱ्याने स्पर्शही मोजावेत

आमच्या गुणलेखकाच्या वहीत गोलापुढे आणखी एक रकाना असतो: कुणाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला. एका सामन्यात एका मुलाच्या नावापुढे पस्तीसच्या वर रेघा, आणि त्याच संघातल्या दोन मुलींपुढे एकही नाही. वही संघात फिरली. त्यांच्या प्रशिक्षकाने, म्हणजे आठवीतल्या एका पोराने, पुढच्या सामन्याला स्वतःच ठरवलं की तीन पास झाल्याशिवाय गोलावर मारायचं नाही. मी तोंडी सांगितलं असतं तर ‘सर मुलींची बाजू घेतात’ एवढंच झालं असतं. वहीतल्या रेघांशी कुणाला वाद घालता आला नाही. गणिताच्या बाई आता शेकडेवारीला हीच वही मागून नेतात.

५. बातमीदार लागतोच

पळायची आवड नसलेलं, पण लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. सामन्याची बातमी तो लिहितो आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात वाचतो. एकच अट: गोल करणाऱ्याशिवाय आणखी दोन नावं बातमीत आली पाहिजेत. सराटे काढणाऱ्याचं नाव सगळ्या शाळेसमोर वाचलं गेलं, त्या दिवसापासून मैदानप्रमुखाच्या कामाला मागणी वाढली.

६. शिक्षकाचं काम आदल्या दिवशी

मुलं प्रशिक्षक झाली की सर मोकळे, असं वाटतं. तसं होत नाही. संघांच्या प्रशिक्षकांना मी आदल्या दिवशी एकच सराव शिकवतो, समजा पायाच्या आतल्या बाजूने पास. दुसऱ्या दिवशी ते आपापल्या संघाला शिकवतात. तेव्हा मध्ये न बोलणं अवघड जातं. पण एका मुलाचं दुसऱ्याला ‘अरे, घोटा वळव’ असं सांगणं माझ्या भाषणापेक्षा लवकर पोचतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुलं स्वयंपाकापासून सगळं स्वतः करत. स्वावलंबी शिक्षणाचा तो वारसा महाराष्ट्राला आहे. पीटीच्या तासाला तो लागू करायला कुणाची हरकत नसावी.

७. हंगाम दिवाळीआधी संपवावा, आणि प्रत्येक कामाला जोडीदार असावा

ही गोष्ट शेवगाव-पाथर्डीकडच्या आणि पलीकडच्या बीडमधल्या शिक्षकाला वेगळी सांगायला नको. कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आली की ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या भरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. सोबत मुलंही जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली हवी असते. परत येणं गुढीपाडव्याच्या आगेमागे. संघाचा कणा असलेली मुलं अशी एका आठवड्यात पटावरच उरतात.

म्हणून आमचा हंगाम पंधरा जूनच्या सुमाराला सुरू होतो आणि सहामाही परीक्षेआधी अंतिम सामना होतो. जाणाऱ्या मुलाला आपल्या संघाचा शेवटचा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, यावर मी हट्टी आहे. तालुक्याच्या शालेय स्पर्धाही पावसाळ्यातच असतात, त्याचाही मेळ बसतो.

दुसरं, प्रत्येक कामाला पहिल्या दिवसापासून जोडीदार असतो. जाणारा जोडीदाराला काम शिकवून, वही सोपवून जातो. गुणलेखक असलेल्या एका मुलीने जाताना वहीच्या शेवटच्या पानावर रकाने कसे भरायचे ते ओळीने लिहून ठेवलं होतं. पुढे महिनोन्‌महिने ती वही त्याच सूचनांवर चालली. काही मुलांना गावातच आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायला पालक तयार होतात. ‘तिच्यावाचून संघ अडतो’ हे मी अशा घरी जाऊन सांगतो. दरवेळी उपयोग होतोच असं नाही, पण आईबापांना आपल्या पोरीचं शाळेत काही अडतं हे ऐकून नवल वाटतं, आणि कधीकधी तेवढ्याने निर्णय बदलतो. जाणाऱ्यांच्या हाती, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड देताना मी सोबतच्या चिठ्ठीत त्या मुलाचं संघातलं कामही लिहितो, म्हणजे कारखान्यावरच्या शाळेतल्या गुरुजींना कळेल की या पोराला पंचगिरी येते.

८. श्रेणी कामालाही द्यावी

आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी देताना मी खेळाचं कौशल्य निम्मं धरतो आणि नेमून दिलेलं काम निम्मं. पालकांना आधी हे विचित्र वाटतं. साहित्यप्रमुखाची हवेची नोंद, पंचाची वही, बातमीदाराची कात्रणं पालकसभेत मांडून ठेवली की प्रश्न येत नाहीत.

जूनपासून हे सुरू करायचं असेल तर साहित्य फार लागत नाही: दर संघाला एक चेंडू, एक पंप, दोन शिट्ट्या, फक्कीची एक गोणी, चार बांबू, आणि दर संघाला शंभर पानी वही. शिट्ट्या मात्र दोऱ्यासकट घ्याव्यात आणि त्यातली एकही आपल्या गळ्यात ठेवू नये.