आठवी आज्ञा आणि आपला मोबाईल



“मी वाटेल ते बोलेन, संविधानाने हक्क दिला आहे,” असे आपण हल्ली वरचेवर ऐकतो. हक्क आहेच. संविधानाच्या कलम 19 ने तो दिला आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी अशा कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच कलमात आहे. मग रेषा ओढायची कुठे? आपल्याच राज्यातील दोन घटना पाहू.

नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी प्रश्न केला. मैत्रिणीने त्याला नुसते ‘लाईक’ केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम 66अ चा आधार घेतला होता, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. कुणाला राग आला, एवढ्यावरून बोलणारा गुन्हेगार ठरत नाही.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. अशीच माणसे आपल्याही दारावर येतात, आणि आपल्या आया त्यांना पसाभर ज्वारी घालत आल्या आहेत.

इंग्लंडचा तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल ह्याने 1859 साली एक उदाहरण दिले. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे कुणी वर्तमानपत्रात छापले तर अडवू नये. तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरापुढे जमलेल्या संतप्त जमावाला ऐकवले, तर मात्र शिक्षा होऊ शकते. (सोयाबीनचे भाव पडल्यावर आडत्यांविषयी काय काय बोलले जाते ते आठवा, म्हणजे मिल लगेच समजेल.) पण मिलच्या माणसाला समोर कोण उभे आहे ते दिसत होते. ‘फॉरवर्ड’ करणाऱ्याला दिसत नाही. तोच मजकूर एकीकडे ओसरीवर निवांत वाचला जातो आणि दुसरीकडे काठ्या घेतलेल्यांच्या हाती पडतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. आमच्या मते पाचही पुष्कळ झाली.

इथवर कायदा. ख्रिस्तसभा आणखी पुढे जाते. आठव्या आज्ञेखाली ती केवळ खोट्याविषयी बोलत नाही. पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हेही पाप. आणि त्याचा खरा दोष, सबळ कारण नसताना, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणे हेही पाप. “पण फादर, व्हिडिओ खरा आहे,” म्हणून सुटका नाही. कुणाची मुलगी घर सोडून गेली, कुणाचा मुलगा दारू पिऊन रस्त्यात पडला; व्हिडिओ खराच असतो. त्या आईने उद्या दुकानात तोंड कसे दाखवावे? मात्र सरपंचाने, अधिकाऱ्याने किंवा धर्मगुरूनेसुद्धा अधिकाराचा गैरवापर केला, तर ते उघड करणे ही चहाडी नव्हे. तिथे गप्प बसणेच चूक.

आणि भरपाईचे काय? प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळाली तरी ते कर्तव्य उरते. संदेश गुपचूप ‘डिलीट’ करणे म्हणजे भरपाई नव्हे. तोवर तो पुढे गेलेला असतो. ज्या ग्रुपवर खोटे टाकले त्याच ग्रुपवर, सर्वांना दिसेल असे, “मी पाठवलेले खोटे होते” हे लिहावे लागेल, आणि ज्याचे नाव गेले त्याच्या घरीही जावे लागेल.