माजघरातील सहा मित्र

'दिल दोस्ती दुनियादारी' या नावातील सर्व शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. पण ही मालिका मराठी आहे. ती २०१५ साली झी मराठी वाहिनीवर सुरू झाली.

रेश्मा लग्न होऊन मुंबईत येते. नवऱ्याचे मन दुसरीकडे गुंतलेले असते. आता माहेरी कोणत्या तोंडाने परत जायचे? अशा वेळी पाच अनोळखी तरुण-तरुणी तिला आपल्या घरात जागा देतात. त्या घराचे नाव 'माजघर'. जुन्या वाड्यात ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या खोलीला माजघर म्हणत. पाहुणे ओसरीवर बसत, घरची माणसे माजघरात. नाव किती नेमके आहे!

सुजयची शिस्त आणि आशूचा भोळेपणा समोरासमोर आले, की हसू आवरत नाही. कैवल्य, मीनल आणि ॲना यांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या! मला मात्र रेश्मा अधिक आवडते. आधी ती दबून बोलते. हळूहळू तिचा आवाज मोकळा होतो. सखी गोखले यांनी हा बदल फार सहज दाखवला आहे.

२०१६ साली मालिका संपली. पुढच्या वर्षी हेच कलाकार 'दिल दोस्ती दोबारा'मध्ये नवी नावे घेऊन आले. मी मात्र त्यांच्यात जुने माजघरच शोधत होतो.