उलीची धावपट्टी

संकटग्रस्तांना मदत पोहोचविणे म्हणजे धान्य विमानात वा जहाजात भरून त्या प्रदेशात उतरविणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. 1968 ते 1970 या काळात बियाफ्रात चर्चच्या स्वयंसेवकांनी केलेले काम पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते.

नायजेरियाच्या पूर्व भागाने 30 मे 1967 रोजी बियाफ्रा या नावाने आपले स्वातंत्र्य घोषित केले आणि जुलैमध्ये यादवी युद्ध पेटले. मे 1968 मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर संघीय फौजांच्या हाती पडल्यावर बियाफ्राचा समुद्राशी असलेला संबंध तुटला. येथील इग्बो लोकांचे मुख्य अन्न म्हणजे कसावा आणि कोनफळाच्या जातीचे याम. ही कंदमुळे पोट भरतात, परंतु त्यांत प्रथिने फारच थोडी. ती उणीव उत्तरेकडून येणाऱ्या गुरांच्या मांसाने आणि नॉर्वेहून येणाऱ्या सुकवलेल्या कॉड माशाने भरून निघत असे. नाकेबंदीमुळे या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या. निर्वासितांच्या गर्दीत अल्पावधीतच मुलांची पोटे व पाय सुजू लागले, केस तांबूस पडू लागले. वैद्यकात या रोगाला क्वाशिओरकोर म्हणतात.

नॉर्डिक देशांतील प्रॉटेस्टंट चर्च, कॅथलिकांची कारितास आणि अमेरिकेतील काही ख्रिस्ती व ज्यू संस्था यांनी एकत्र येऊन साव तोमे या त्या वेळी पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या बेटावरून विमाने सोडण्यास आरंभ केला. बियाफ्रात उतरण्याची जागा उली येथे होती. वस्तुतः ती धावपट्टी नव्हतीच. ओनित्शा-ओवेरी रस्त्याचा एक तुकडा रुंद करून घेतलेला होता. विमाने केवळ रात्री येत. वर संघीय बाजूचे बॉम्बफेकी विमान घिरट्या घालीत असे. म्हणून विमान अगदी जवळ आल्यावर जमिनीवरील दिवे क्षणभर लावीत आणि लगेच मालवीत. पाच हजारांहून अधिक फेऱ्यांत सुमारे 60,000 टन सामग्री अशा रीतीने आली. वीसहून अधिक वैमानिक व त्यांचे सहकारी या कामी मृत्युमुखी पडले.

काय पाठवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. दुधाची भुकटी, मीठ, घेवड्याचे दाणे व औषधे यांच्या जोडीला सुकवलेला कॉड मासा मोठ्या प्रमाणावर पाठविण्यात आला. मिठाशिवाय, केवळ वाऱ्यावर वाळवलेला हा मासा वजनाने हलका, प्रथिनांनी समृद्ध आणि न नासणारा. शिवाय तो इग्बो स्त्रियांना पूर्वीपासून परिचित होता; तो कसा शिजवावा हे कोणाला शिकविण्याची आवश्यकता नव्हती. (मदत म्हणून आलेले अपरिचित अन्न लोकांनी बाजूला ठेवल्याची उदाहरणे अन्यत्र कमी नाहीत.)

परंतु विमान उतरले म्हणजे अर्धेच काम झाले. अंधारात, हल्ल्याच्या भीतीत, पोती हातांनी उतरवून उजाडण्यापूर्वी मोटारलॉऱ्या हलवाव्या लागत. हे काम पाहणाऱ्यांत आयर्लंडचे धर्मगुरू पुष्कळ होते. त्यांच्यापैकी अनेकांचे आयुष्य याच प्रदेशात गेले होते. इग्बो भाषा त्यांना येत असे. माल पुढे पॅरिशच्या कोठारांत जाई, आणि तेथून बंद पडलेल्या शाळांमध्ये चालणाऱ्या अन्नकेंद्रांत. तेथे सिस्टर, स्थानिक शिक्षक आणि गावातील स्त्रिया चुली पेटवीत. पुष्कळ केंद्रांना रोज जेवण देणे शक्य नव्हते. कोणत्या मुलाला आज वाढायचे आणि कोणाला परवा, हे ठरविण्याचे काम याच लोकांकडे आले. गावातील प्रत्येक घर माहीत असलेल्या माणसालाच ते काही अंशी न्याय्यपणे करता येणार होते. त्यालाच ते सर्वांत जड जाणार होते, हेही खरे.

हीच जवळीक या कार्याची अडचणही ठरली. उलीच्या त्याच रस्त्यावर रात्री शस्त्रास्त्रांची विमानेही उतरत. मदतीची विमाने येत होती म्हणून शस्त्रांच्या विमानांना आडोसा मिळत होता, असा संघीय सरकारचा आक्षेप होता आणि तो निराधार म्हणता येत नाही. जमिनीवरून वा दिवसा उजेडी माल आणण्याच्या योजना बोलण्यांतच अडकल्या. अन्नात विष कालवले जाईल, अशी भीती बियाफ्राच्या नेतृत्वाने व्यक्त केली होती. 5 जून 1969 रोजी रेड क्रॉसचे एक विमान पाडण्यात आले आणि त्या संस्थेने उड्डाणे थांबविली. चर्चच्या संस्थांनी ती चालू ठेवली. अन्न येत राहिल्याने युद्ध लांबले काय, यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत. ज्या सिस्टरपुढे सुजलेल्या पायांचे मूल उभे होते, तिला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नव्हते.

जानेवारी 1970 मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. चर्चच्या या संयुक्त संघटनेची मदत संघीय सरकारने नाकारली. बियाफ्रात राहिलेल्या अनेक धर्मगुरूंवर व सिस्टरांवर बेकायदा प्रवेशाचे खटले भरून त्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. अन्नवाटपाची जबाबदारी नायजेरियाच्या रेड क्रॉसकडे गेली. आजारी म्हणून परतीच्या विमानांतून गाबोनमध्ये नेलेली मुले 1970 च्या अखेरीस घरी येऊ लागली, तेव्हा त्यांना पाठविणाऱ्यांपैकी बरेच जण तेथे नव्हते.