गळा छान आहे, पण गाणं कुणाचं?

"मुलीचा गळा छान आहे. पॉप सिंगर व्हायचंय म्हणते. अकरावीला कॉमर्स घेऊ की आर्ट्स?" दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन पालक येतात. आईच्या मोबाइलमध्ये गॅदरिंगच्या गाण्याचा व्हिडिओ काढून ठेवलेला असतो. वडील बराच वेळ गप्प बसतात आणि निघताना विचारतात, "पण यात पोट भरतं का हो?" प्रश्न रास्त आहे. 'आवड जपा, बाकी आपोआप होईल' असं गुळगुळीत उत्तर देणं म्हणजे त्या मुलीवरही अन्याय आणि तिच्या आईवडिलांवरही. म्हणून अशा घरांपुढे मी एका माणसाची वाटचाल शक्य तितक्या बारकाईने ठेवते. तो माणूस म्हणजे एड शीरन.

मुलांना हे नाव सांगावं लागत नाही. मार्च 2024 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि 30 जानेवारी 2025 ला पुण्याच्या यश लॉन्सवर त्याचे कार्यक्रम झाले. अरिजित सिंगला सोबत घेऊन केलेलं 'सफायर' त्याच वर्षी आलं. पालकांसाठी थोडी ओळख करून देते. जन्म 1991, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा. लहानाचा मोठा झाला सफक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅम या छोट्या गावात. गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो आणि स्वतः गातो. त्याचा 2017 ते 2019 चा जगदौरा त्या वेळेपर्यंतचा सर्वाधिक कमाईचा दौरा ठरला. 2017 मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला 'एमबीई' हा किताब दिला, तो संगीत आणि समाजकार्य या दोन्हींसाठी.

हे वाचून पालकांना वाटतं, पोरगा जन्मजात गुणी असणार. इथेच मी त्यांना थांबवते. 2014 मध्ये एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात शीरनने आपलं कोवळ्या वयातलं ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐकवलं होतं. आवाज सुराला धरून नव्हता, कानाला बोचणारा होता. गाणं आपल्याला वरून मिळालेलं नाही, मेहनतीने आलं, हे त्याला सर्वांसमोर दाखवायचं होतं. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एमिनेम या रॅपरचा अल्बम आणून दिला. त्यात काय भाषा आहे याची वडिलांना कल्पना नव्हती. पोराने अख्खा अल्बम तोंडपाठ केला, भराभर म्हणता म्हणता जीभ सुटली आणि अडखळणं गेलं. अकराव्या वर्षी त्याने डब्लिनमध्ये डेमियन राइस या गायकाचा एक छोटेखानी कार्यक्रम ऐकला आणि आपणही गाणी लिहायची, असं ठरवलं. जिवंत संगीत ऐकवायला वडील मुलांना गाडीत घालून लांबलांबचा प्रवास करत. आईवडील दोघेही कलाव्यवहारातले होते, त्यामुळे घरात या क्षेत्राची भीती नव्हती, हे खरंच. तरी मला वडिलांची भूमिका फार मोलाची वाटते. त्यांनी मुलाला स्पर्धांना पळवलं नाही, त्याला भरपूर ऐकू दिलं.

गीतलेखनाबद्दल शीरन मुलाखतींमध्ये एक दाखला नेहमी देतो. बंद घरातला नळ सोडला की आधी गढूळ पाणी येतं. ते वाहू द्यावं लागतं, मग स्वच्छ धार लागते. गाण्यांचंही तसंच, वाईट गाणी लिहून बाहेर काढली की चांगली मागून येतात. माझ्या मते गाण्यात करिअर करू पाहणाऱ्या मुलांसाठी याहून नेमकी सूचना नाही. म्हणून मी मुलीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ ऐकते, कौतुक करते आणि मग विचारते, "तुझी वही कुठाय?" किती गाणी लिहिलीस, त्यातली पुरी किती केलीस, एवढंच मला बघायचं असतं. दुसऱ्याचं गाणं सुरेल गाणाऱ्या मुली आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींची मेहनत डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पण पॉप संगीतात घर चालतं ते स्वतःच्या गाण्यावर. आठवड्याला एक गाणं, चांगलं असो वा वाईट, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेलं. वर्षभर हे चाललं, तर पुढचा विचार करण्यात अर्थ आहे.

दुसरी गोष्ट मंचाची. शीरनचा कार्यक्रम पाहिलेल्यांना आठवत असेल, इतक्या मोठ्या मैदानात बराच वेळ तो एकटाच उभा असतो. हातात छोटी गिटार, पायाशी लूप पेडल. गिटारच्या लाकडावर तळहाताने ठोका देतो, पायाने कळ दाबतो, की तो ठोका पुन्हापुन्हा वाजू लागतो. त्यावर तारा छेडतो, तेही पेडलमध्ये साठतं. मग तोंडाने एक सूर, त्यावर दुसरा सूर. दोन मिनिटांत एका माणसाचा वाद्यवृंद उभा राहतो आणि त्यावर तो गायला लागतो. सगळं प्रेक्षकांसमोर, त्याच क्षणी. एक ठोका चुकला तर तीच चूक गाणं संपेपर्यंत ऐकू येणार. हे कसब वर्गात बसून येत नाही. 2008 मध्ये, वय वर्षं सतरा असताना, तो लंडनला गेला. पुढच्या वर्षी त्याने तीनशेहून अधिक कार्यक्रम केले. कधी पबच्या कोपऱ्यात, कधी समोर पाचच माणसं. रात्री मित्रांच्या, चाहत्यांच्या सोफ्यावर झोपायचा. कधी तीही सोय झाली नाही तर भुयारी रेल्वेत. टीव्हीवरच्या एका संगीतमालिकेच्या निवडचाचणीत त्याला घेतलं नाही. संगीताचं एक कॉलेज त्याने अर्धवट सोडलं. 2011 च्या जानेवारीत त्याने कुठल्याही कंपनीशिवाय काढलेली छोटी ध्वनिफीत आयट्यून्सच्या यादीत अगदी वर पोचली आणि मोठी कंपनी त्यानंतर दारात आली.

इथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. शिक्षण सोडून लंडन गाठण्याचा भाग आपल्या मुलांनी उचलू नये. तिकडे गावोगावच्या पबमध्ये नवख्यांना गाण्यासाठी ठरलेले वार असतात, त्यावर एक पिढी उभी राहते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ओपन माइक होतात, कॅफेंमध्ये गाणारी मुलं आहेत, पण सांगली, लातूर, जळगावच्या मुलीला आठवड्यातून सहा रात्री मंच मिळेल अशी सोय नाही. म्हणून पदवी चालू ठेवायची आणि कॉलेजचा पुरेपूर उपयोग करायचा. पुण्यात फिरोदिया करंडकासारखी स्पर्धा आहे, तिथे स्वतः रचलेल्या संगीताला वाव मिळतो. विद्यापीठांचे युवक महोत्सव आहेत. कॉमर्स की आर्ट्स या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून पालक चकित होतात. हिशेब समजणारी गायिका कमी फसते, त्यामुळे कॉमर्स अजिबात वाईट नाही.

गाण्याचं शिक्षण मात्र पक्कं हवं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गावोगावी देता येतात आणि त्यातून आलेली सुराची, तालाची बैठक पॉपमध्ये वाया जात नाही. पुढे पूर्ण वेळ शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, चेन्नईत ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कन्झर्व्हेटरी आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या शिक्षणावर आयुष्यभर काम मिळू शकतं, गाणं चालो वा न चालो. सोबत एखादं सुरावटीचं वाद्य हवंच, गिटार किंवा कीबोर्ड. शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच्या हातात असली की मुलगी कुणाच्या दारात थांबत नाही.

आता पोटाचा प्रश्न. 'लव्ह युवरसेल्फ' हे जस्टिन बीबरचं गाणं 2016 मध्ये अमेरिकेत वर्षभरातलं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं. त्याच्या गीतकारांत शीरन आहे. वन डायरेक्शनसाठी त्याने लिहिलं, कोरियाच्या बीटीएससाठी लिहिलं. खुद्द 'शेप ऑफ यू' लिहायला बसला तेव्हा ते दुसऱ्या कुणी गावं असं त्याच्या मनात होतं. म्हणजे त्याचा गळा एका दिवशी बसला, तरी त्याने लिहिलेली गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून त्याच्यासाठी कमावत राहतात. भारतातही कायदा आता या बाजूने आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगवेगळे हक्क आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. पहिलं गाणं बाहेर पडलं की तिथलं सभासदत्व घेण्याच्या मागे लागावं.

आणि कागद वाचावेत. आपल्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार ग्राह्य धरला जात नाही, म्हणून कंपनी सही मागते ती आईवडिलांची. मुलीला एवढी संधी चालून आली या आनंदात वडील प्रत्येक पानावर सही करून मोकळे होतात. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा, वकिलाला दाखवा. त्यासाठी दोन-पाच हजार गेले तरी चालतील. मित्रांनी मिळून गाणं केलं असेल तर शब्दांत कुणाचा किती वाटा, चालीत कुणाचा, हे त्याच दिवशी लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. पुढे गाणं चाललं तर मैत्री त्या कागदामुळे टिकेल.

गाजलेल्या गाण्यामागे कोर्टही येतं. 'शेप ऑफ यू'ची एक ओळ चोरल्याचा दावा लंडनच्या हायकोर्टात चालला आणि एप्रिल 2022 मध्ये शीरनच्या बाजूने निकाल लागला. 'थिंकिंग आउट लाउड'वरून न्यूयॉर्कमध्ये खटला चालला, तोही मे 2023 मध्ये तो जिंकला. पण त्या खटल्यापायी आयर्लंडला आजीच्या अंत्यविधीला त्याला जाता आलं नाही. अशा दाव्यांमुळे तो गाणं रचताना सगळं चित्रित करून ठेवू लागला. आपल्या मुलांसाठी याचा सोपा मार्ग आहे. चाल सुचली की फोनवर ध्वनिमुद्रण, वहीत तारीख, आणि खोडलेल्या ओळींची पानं फाडायची नाहीत.

समाजकार्याचं काय, असं पालक फारसे विचारत नाहीत. नाव झाल्यावर करायची गोष्ट, असं त्यांना वाटतं. शीरनच्या बाबतीत क्रम उलटा आहे. अठराव्या वर्षी, खिशात काही नसताना, तो बेघरांच्या निवाऱ्यात गायला गेला. तिथे ऐकलेल्या कहाण्यांनी तो हादरला आणि त्यातून 'द ए टीम' लिहिलं गेलं. त्याच गाण्याने 2011 मध्ये त्याला नाव मिळवून दिलं. पुढे त्याने आपले कपडे सफकमधल्या एका हॉस्पिसच्या दुकानाला विकायला देऊन टाकले, गावाकडच्या मुलांच्या संगीतशिक्षणासाठी निधी उभा केला आणि 2025 मध्ये शाळांतल्या संगीतासाठी स्वतःचं फाउंडेशन काढलं. त्याच वर्षी इतर कलाकारांसह ब्रिटिश पंतप्रधानांना पत्र लिहून संगीतशिक्षणासाठी 25 कोटी पौंड मागितले. आपल्याकडे इंदूरची पलक मुच्छल लहानपणापासून कार्यक्रम करून मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी पैसा उभा करत आली आहे. या दोघांच्याही कामाची सुरुवात पैसा येण्याआधीची आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वृद्धाश्रमात, कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात गाणारी मुलगी माणसं बघते, त्यांचं बोलणं ऐकते. वहीत लिहायला तिच्याकडे काहीतरी येतं.

फक्त पैशाची शिस्त पहिल्या कार्यक्रमापासून हवी. मदतनिधीसाठी गायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेली संस्था आधी गाठा आणि तिच्याकडून लेखी संमती घ्या. तिकिटाचे पैसे मुलीच्या किंवा वडिलांच्या खात्यात न घेता थेट संस्थेच्या खात्यात जमा होतील असं बघा. हॉलचं भाडं, साउंडवाल्याचं बिल, वादकांचा चहा-नाश्ता हे कुणी सोसलं तेही लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी जमा रकमेचा आकडा आणि संस्थेची पावती तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. हे काम मुलीनेच करावं, आईने तिच्या शेजारी बसावं.